मदत हवी आहे: पद्मिनीच्या बॉडीवर लाटा दिसतात आणि मॉर्फ ओढलं की दार फाटतं

डिकी_उघडी (बेळगाव)

मंडळी, ‘ऑटोमेशन’ हा गाड्या बनवायचा गेम खेळणारं कुणी आहे का इथं? यात बोअर-स्ट्रोकपासून इंजिन आपणच बांधायचं, मग एखादी बॉडी घेऊन ती माउसने ओढून-ताणून हवी तशी करायची (या ओढण्यालाच मॉर्फ म्हणतात), दिवे-जाळ्या चिकटवायच्या आणि गाडी बीमएनजी या दुसऱ्या गेममध्ये नेऊन झाडावर हाणायची. मला यात आपली प्रीमियर पद्मिनी हवी होती. मनासारखी मिळेना, म्हणून स्वतःच मॉड (गेममध्ये घालायची घरची भर) करायला बसलो. तीन महिने झाले, आता डोकं चालेना.

खानापूरला मामाच्या शेडमध्ये एक पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे. खानापूरचा पाऊस माहीत असणाऱ्यांना तिच्या तळाची अवस्था सांगायला नको, पण वरचं कवच शाबूत आहे. आधी नेटवरचं ड्रॉइंग वापरलं होतं. त्यात बाजूच्या चित्रातलं टप समोरच्या चित्रापेक्षा बोटभर उंच निघालं, म्हणून ते सोडलं. मग टपापासून, खिडकीच्या कडेपासून, मागच्या पंखापासून ओळंबा सोडला, खाली कोब्यावर खडूने खुणा केल्या आणि फितीने मोजलं. गाडी सरळ बघणारा डोळा आणि मोजणारा हात दोन्ही माझेच, त्यामुळे चूक असेल तर माझीच. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २३३५ मिमी भरलं.

अडचणी:

नुसत्या राखाडी रंगात बॉडी छान दिसते. चकचकीत मरून रंग लावला की मागच्या दारापासून पंखापर्यंत उजेड पाण्यासारखा हलतो.

व्हीलबेस वाढवणारं मॉर्फ ओढलं की दाराची कड फाटते आणि आतला काळोख दिसतो.

अनरियलमध्ये (गेम ज्या इंजिनावर चालतो ते) बॉडी आधी मुंगीएवढी आली. ते कसंबसं निस्तरलं, पण मॉर्फची यादी रिकामी. जिथं थ्रीडी मॉडेल बनवलं त्या ब्लेंडरमध्ये तर सगळं दिसतंय.

लॅपटॉप आठ जीबीचा आहे. हसू नका.

कुंदा_कमी_गोड

मॉडेलच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, त्रिकोण किती आहेत? आणि पंखाजवळचा वायरफ्रेमचा (नुसत्या जाळीच्या रेघांचा) फोटो टाक. त्याशिवाय सगळे अंधारात दगड मारतील.

२३३५ बद्दल: फियाट ११०० डी (पद्मिनी तिच्यावरूनच आली) आणि पद्मिनी दोन्हींचा व्हीलबेस २३४० मिमी. फितीने पाच मिलीमीटरचा फरक म्हणजे तुझा हात चांगला आहे. २३४० धर.

डिकी_उघडी

फोटो टाकलाय. त्रिकोण एक लाख ऐंशी हजार. सबडिव्हिजन (जाळीचे आणखी बारीक तुकडे करणं) दोनदा अप्लाय, म्हणजे कायमचं पक्कं, करून बसलोय, कारण गुळगुळीत दिसेल असं वाटलं.

उद्यमबाग_नाइटशिफ्ट

फोटो बघितला. अरे बाबा, पंखावर एवढे बिंदू कशाला? मी फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये आहे (ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथं), आमच्याकडे लाकडाची लांब पट्टी वाकवायची तर मोजकेच खिळे मारतात. तीन खिळ्यांवर पट्टी आपोआप सुरेख वाकते, तीस मारलेस की प्रत्येक खिळा आपलं मत मांडतो. तुझ्या पंखावर तीस मतं आहेत.

दोनदा सबडिव्हाइड केल्यावर तू एकेक बिंदू हाताने सरकवलास ना? तिथंच मेलं. मागे जा. जुनी फाइल असेल तर ती उघड, नसेल तर पंख नव्याने कर. मागच्या दारापासून शेवटापर्यंत उभ्या सहा-सात रांगा पुष्कळ झाल्या. सबडिव्हिजन मॉडिफायर (मूळ जाळी न बदलता वरून होणारा बदल) चालू ठेवून काम कर, अप्लाय करू नको. पंखाची धार टोकदार हवी तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग जवळ आण, बस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दारं, डिकी, पेट्रोलचं झाकण आधी कापू नको. पूर्ण बाजू एकाच सलग कातडीसारखी कर. ती बघून समाधान झालं की तिची एक प्रत बाजूला ठेव आणि मग दुसऱ्या प्रतीवर दारं काप. कापताना कडेला बिंदू वाढतात आणि पृष्ठभाग चिमटतो. तेव्हा श्रिंकरॅप मॉडिफायरने ते त्या स्वच्छ प्रतीवर परत बसव आणि डेटा ट्रान्सफर मॉडिफायरने तिचे नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठं आहे ते सांगणाऱ्या दिशा) घे. कापलेल्या दारावरूनही उजेड मग अखंड जातो.

तपासायला ब्लेंडरच्या मॅटकॅपमधला (मॉडेल बघायचे तयार चकाकीचे नमुने) पट्ट्यांचा निवड. राखाडी रंगात कुणाचीही बॉडी चांगली दिसते.

वडापवाला

मी निपाणीहून. पूर्वी ट्रॅक्सची बॉडी केली होती, दार मलाही फाटलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या अडचणीचं सांगतो.

दाराची रेघ दाखवायला कड स्प्लिट केली आहेस. आता तिथं एकाच जागी दोन बिंदू आहेत, एक दाराचा आणि एक खांबाचा. प्रपोर्शनल एडिटिंग (एक बिंदू ओढला की आजूबाजूचेही थोडे सरकतात ते) ‘कनेक्टेड ओन्ली’वर, म्हणजे फक्त जोडलेल्या बिंदूंपुरतं असेल तर एकच सरकतो, दुसरा जागेवर उभा. बॉडी फाटत नाही, तू तिला शिवलीच नाहीस. मर्ज बाय डिस्टन्स करून ते दोन बिंदू एक कर आणि रेघेच्या जागी बारीक खाच कर, आत ढकललेली, तळ बंद असलेली. हे शेप की (ब्लेंडरमधलं मॉर्फ) करायच्या आधी. नंतर बिंदूंची संख्या बदललीस तर बाजूला ठेवलेल्या प्रतींवरून शेप जोडता येत नाहीत. मी त्यात एक अख्खी दिवाळी घालवली.

मॉर्फची यादी रिकामी का? मिरर मॉडिफायर (एका बाजूवरून दुसरी बाजू आरशासारखी करणारा) अजून जिवंत आहे ना? अनरियलसाठी एफबीएक्स फाइल काढताना ‘अप्लाय मॉडिफायर्स’ चालू असेल तर शेप की गळतात. आणि शेप की असलेल्या मेशवर मॉडिफायर अप्लाय करायला गेलास तर ब्लेंडर सरळ नाही म्हणतं. म्हणून क्रम असा: मिरर अप्लाय, सबडिव्हिजन हवं तेवढंच अप्लाय, कंट्रोल-ए मारून स्केल एक, मग शेप की, मग एक्स्पोर्ट. अनरियलमध्ये स्केलेटल मेश म्हणून घे आणि मॉर्फ टार्गेटची खूण कर, स्टॅटिक मेशला मॉर्फ येत नाहीत. मुंगीचं कारणही स्केलच, अनरियलचं एक एकक म्हणजे एक सेंटीमीटर.

पंखाचं माझ्याकडे उत्तर नाही, पण दोन्ही बाजू मोजल्यास की एकच मोजून मिरर मारलास?

डिकी_उघडी

वडापवाला दादा, डावीच मोजली. उजवीकडे भिंत आहे.

बाकी सांगितलं तसं केलं. मॉर्फची यादी भरली! दार फाटत नाही. पंखसुद्धा सात रांगांत नव्याने केला, त्रिकोण अठरा हजारांवर आले. पण पट्ट्यांच्या मॅटकॅपमध्ये एके ठिकाणी पट्टी अजून वाकडी जाते, मागच्या चाकाच्या वर, वीतभर.

रविवारी खानापूरला जाऊन मामाला लॅपटॉप दाखवला. मामा चाळीस वर्षं डेंटिंग करतो, त्याला ब्लेंडर म्हणजे मिक्सर. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाला, “काय करूलास रे हे? पत्रा फुगलाय की इथं.” आणि स्क्रीनवर बोट ठेवलं, नेमकं त्याच वितीवर. मग मला गाडीपाशी नेलं, ट्यूबलाइट वायरीसकट काढून हातात धरली आणि पंखाजवळून हळूहळू फिरवली. पत्र्यातली उजेडाची रेघ चाकाच्या वर आली आणि तिथं पोट काढून पुढं गेली. स्क्रीनवरची तीच वाकडी पट्टी.

“हात फिरव,” म्हणाला. “बोटांनी नको, तळवा.” तळव्याला खरंच कळतं. डोळ्याला काही दिसत नव्हतं.

मग गोष्ट बाहेर पडली. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी उसाची ट्रॉली घासून गेली होती. मामाने पंख स्वतःच ठोकून काढला, तेव्हा हात कच्चा होता, जास्त ठोकला, पत्रा ताणला गेला आणि वरून पुट्टी भरली. तीन महिने मी पद्मिनी नाही, मामाची पुट्टी मोजत होतो.

उद्यमबाग_नाइटशिफ्ट

हे मी पॅटर्न शॉपमध्ये उद्या सांगणार.

मामांना विचार, गाडी भिंतीपासून दोन फूट ओढता येते का. उजवी मोज आणि ती मिरर कर.

कुंदा_कमी_गोड

आणि एक, वेगळ्या विषयावर: कुणी दुसऱ्या गेममधून उचललेली पद्मिनी पाठवली तर घेऊ नकोस. असा मॉड काढून टाकतात, शिवाय त्या मेशला मॉर्फ करता करता तुझे केस पांढरे होतील.

डिकी_उघडी

गाडी ओढली. चारपैकी तीन चाकांत हवा नाही, चौघे लागलो. उजवा पंख डाव्यापेक्षा बारा मिलीमीटर आत आहे. नवीन मापाने पट्ट्या सरळ जाताहेत, व्हीलबेस २३४० वरून २५०० पर्यंत ओढून बघितला, कुठं चिमटा नाही.

मामाने फाइल बघितली आणि विचारलं, माझी बाजू कुठं गेली? त्याच्यासाठी डाव्या फुगवट्याचं एक वेगळं मॉर्फ ठेवलंय, शून्य ते बारा. नाव ‘ऊस’. ते गेमच्या यादीत देवनागरीत दिसेल का, की चौकोन येतील? कुणी करून बघितलंय का?