पर्सनॅलिटी ट्रेट्सवर रिसर्च करून पोट भरते का? (नागपूर)

संत्राबर्फी:
बीए फायनलला आहे, सायकॉलॉजी. मला पेशंट नाही पाहायचे, माणसामाणसाच्या स्वभावात फरक काऊन असतो अन् तो मोजतात कसा हे शिकायचंय. घरी सांगितलं तर बाबा म्हणे "म्हणजे पागलांची डॉक्टर होतं का?" यात नोकरी आहे का, खरंखरं सांगा न.

उन्हातला_कूलर:
बाबांना सांग ते क्लिनिकलवाले, त्यांना आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन लागते, तुला नाही. तू एमए कर, मग नेट नाहीतर सेट (कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या परीक्षा), मग पीएचडी. २०२४ पासून नेटच्या मार्कांवर पीएचडीची ॲडमिशनही होते. नेटमधून जेआरएफ (रिसर्चची फेलोशिप) निघाली तर महिन्याला ३७,००० मिळतात, तेव्हा घरचे आपोआप गप होतात.

मास्तर_बर्डी:
मी याच धंद्यात आहे. लोकांचे चेहरे वाचत बसतो असं वाटत असेल तर विसर. ऑलपोर्ट अन् ऑडबर्ट या दोन सायकॉलॉजिस्टनी १९३६ मध्ये इंग्रजी डिक्शनरीतून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द वेचले, त्यांनाच चाळत चाळत लोकं बिग फाइव्हपर्यंत (स्वभावाचे पाच मोठे गुण) आले, अन् आम्ही आजही शब्दच निवडत बसतो. गोल्डबर्गचा आयपीआयपी म्हणून प्रश्नांचा फुकट साठा आहे, त्यातलं एक इंग्रजी वाक्य मी मराठीत आधी "मी पार्टीची जान आहे" असं केलं, तर एका काकांनी पेनच खाली ठेवला, "आम्ही घेत नाही जी." मग "मैफलीत रंग भरतो" केलं, पोरं विचारतात गाणं म्हणायचं का सर. शेवटी "चार लोकांत मीच रंगत आणतो" वर आलो, तेही अर्थ तोच राहिला का पाहायला दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घेतलं तेव्हा जमलं. अन् मधे "मी फारसा बोलत नाही" सारखे उलटे प्रश्न टाकावेच लागतात, डोळे मिटून सगळीकडे हो हो टिक करणारे तिथंच सापडतात 😄
नोकरीचं म्हणशील तर कायमची जागा निघायची वाट पाहा. मी चार वर्षं एका कॉलेजात सीएचबीवर (तासांच्या हिशोबानं शिकवणं) काढले, मानधन कधी दिवाळीनंतर तर कधी डायरेक्ट होळीला.

संत्राबर्फी:
स्टॅट्सची भीती वाटते सर

मास्तर_बर्डी:
मग आधी तेच धर, आर नावाचं स्टॅट्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे. फॅक्टर ॲनालिसिस (कोणते प्रश्न एकाच गुणाचे हे आकड्यांवरून काढणं) आल्याशिवाय या फील्डमध्ये कोणी उभं करत नाही.

संत्राबर्फी:
बरं. बाबांना ते पार्टीवालं वाक्य विचारून पाह्यलं, म्हणे "कोणती पार्टी, इलेक्शन लागलं का?"