नेब्युलायझर कोणता घ्यावा? बाळ ७ महिन्यांचं, बजेट २०००

पिल्लूची_आई: लेकीला ब्राँकिओलायटिस झाला, आरएसव्ही व्हायरसची टेस्ट पॉझिटिव्ह आली, ऑक्सिजन आता काढलाय, उद्या बहुतेक डिस्चार्ज. वॉर्डात सारखं नेब्युलायझेशन चालू होतं म्हणून घरी एक घेऊन ठेवावा म्हणते. २००० च्या वर नको, बिलानेच कंबर मोडलीय.

कोथरूडकर: आम्ही मेशवाला (बारीक जाळीतून औषधाचे तुषार करणारा) घेतला, ६५०० ला पडला पण आवाज शून्य, पोरगा झोपेत असला तरी लावता येतो. ते स्वस्तातले ट्रॅक्टरसारखे वाजतात.

निनाद७७: दादा, बजेट २००० लिहिलंय त्यांनी.

कोथरूडकर: लेकराच्या तब्येतीपुढे कसलं बजेट!

आबा_सिन्नर: ओवा-लसणाची धुरी द्या संध्याकाळी. आमची सगळी पोरं त्यावरच वाढली, कुणाला मशीन लागलं नाही.

सिस्टर_मिरज: आबा, धुरी अजिबात नको, धुराने सूज आणखी वाढते. ताई, मी बालरुग्ण वॉर्डात काम करते. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं असेल तरच नेब्युलायझर घ्या. ब्राँकिओलायटिसमध्ये बारीक श्वासनळ्या सुजतात आणि शेंबडाने भरतात, नेब्युलायझरमधून देतात ते दम्याचं औषध बहुतेक बाळांना लागू पडत नाही, व्हायरस आहे म्हणून अँटिबायोटिकही नाही. सलाईन ड्रॉप्स आणि नाक ओढायचा रबरी बल्ब घ्या, दूध पाजायच्या आधी नाक साफ करा, दूध थोडं थोडं पण वारंवार. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, घाबरून कफ सिरप देऊ नका. शांत झोपलेली असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा, ५० किंवा वर गेला, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, दूध निम्म्यावर आलं, तर लगेच दाखवा. ओठ निळसर दिसले तर थेट इमर्जन्सीला.

कोथरूडकर: मग वॉर्डात कशाला देतात?

सिस्टर_मिरज: कधी देऊन बघतात, कधी नुसती सवय. फरक नाही पडला तर बंद करायचं असतं.

अनु_ठाणे: हेच लिहिणार होते, नाक साफ ठेवा. आमचा नेब्युलायझर माळ्यावर पडलाय, कुणाला हवा तर १२०० ला देते.

आबा_सिन्नर: हा व्हायरस तोच चीनचा ना, २०२५ च्या जानेवारीत टीव्हीवर बोंब होती तो?

निनाद७७: तो एचएमपीव्ही हो, वेगळा व्हायरस, आणि तोही नवा नाही, २००१ लाच सापडलाय. अमेरिकेत २०२३ पासून आरएसव्हीसाठी गरोदर बाईला लस नाहीतर बाळाला निर्सेविमॅबचं (तयार अँटिबॉडीचं) इंजेक्शन देतात, बहिणीच्या बाळाला न्यू जर्सीत मिळालं.

कोथरूडकर: तिकडचं इथे सांगून काय उपयोग? ताई, मेशच घ्या.

पिल्लूची_आई: सगळ्यांचे आभार. कार्डावर नेब्युलायझर नाहीये, सिस्टरताई. ड्रॉप्स आणलेत. पण ह्यांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मागवला, ११०० चा.

सिस्टर_मिरज: अहो तो मोठ्यांचा असतो, बाळाच्या बोटावर बसत नाही, काहीही आकडे दाखवेल. श्वास मोजा.

पिल्लूची_आई: मोजेन. पण तो परत नाही पाठवणार, पायाच्या अंगठ्याला लावून बघते.

कोथरूडकर: कुठल्या कंपनीचा?