कोळवणच्या माळावर आई-बाबांसाठी पोर्टा केबिन: वारा आणि आगीचं काय?

कर्वेनगरची_लेक

नमस्कार मंडळी. मुळशी तालुक्यात कोळवणच्या पुढे आई-बाबांची जुनी जागा आहे. बाबा निवृत्त झाल्यापासून दोघांनी तिथे जाऊन राहायचा ध्यास घेतलाय. बांधकामाची दगदग त्यांना झेपणार नाही म्हणून तयार केबिन घ्यायचं ठरतंय, ३० बाय १० फूट. दार एकच, स्वयंपाकाच्या बाजूला. मध्ये बसायची जागा. दुसऱ्या टोकाला झोपायची खोली, तिला एक सरकती खिडकी आणि बाहेरून वेल्ड केलेली ग्रिल. भिंती पफ पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम), आतून पीव्हीसी शीट. ऊन लागू नये म्हणून वर पत्र्याची शेड, तिचे पाईप केबिनच्याच कोपऱ्यांना वेल्ड करणार.

बसवणारे म्हणतात, सिमेंटचे ब्लॉक मांडू, क्रेनने वर ठेवून देऊ, तीन टन वजन आहे, जागचं हलत नाही. जागा टेकाडाच्या माथ्यावर आहे आणि आजूबाजूला उन्हाळ्यात कमरेएवढं वाळकं गवत असतं.

शनिवार-रविवार जाऊन राहणाऱ्यांचे व्हिडिओ भरपूर सापडले. इथे सत्तरी ओलांडलेली दोन माणसं रोज रात्री झोपणार आहेत आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ऑर्डर देण्याआधी काय बदलून घ्यावं, हे जाणकारांनी कृपया सांगावं.

खोऱ्यातला_शेतकरी

ताई, मी तुमच्याच बाजूला राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून वर चढून मावळ-मुळशीतून गेलं, तेव्हा आमच्या गावात पत्रे कागदासारखे उडाले. आमच्या बांधापलीकडे अशीच एक केबिन ब्लॉकवर ठेवलेली होती. वरची शेड वाऱ्याने उचलली. शेडचे पाईप केबिनलाच जोडलेले, त्यामुळे शेडबरोबर केबिनही ओढली गेली आणि एका टोकाने ब्लॉकवरून खाली उतरली. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. नुसतं चक्रीवादळच नाही, एप्रिल-मेमधला वळीवसुद्धा माथ्यावर पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं करतो. शेड वेगळी उभी करा, एवढं मी नक्की सांगेन.

गवताचं म्हणाल, तर फाल्गुनापासून डोंगरावर वणवे लागतात. कोणी राब भाजताना (शेतात पालापाचोळा जाळताना) लागतात, कोणी मुद्दाम लावतं. केबिनच्या चारी बाजूंनी निदान वीस-पंचवीस हात जमीन साफ ठेवा. पावसाळा संपला, गवत पिवळं पडायला लागलं की लगेच कापून घ्या, मार्चची वाट बघू नका. केबिनच्या खालच्या पोकळीत लाकडं, पोती, गोवऱ्या काही ठेवू देऊ नका. आमच्याकडे सगळे तिथेच सरपण ठेवतात.

पत्रा_आणि_पोलाद

मी भोसरीत औद्योगिक शेडच्या स्ट्रक्चरचं डिझाईन करतो. ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री बसून आकडे मांडले, कारण ‘तीन टन आहे, हलत नाही’ हे मी फार ठिकाणी ऐकलंय.

वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात, २०१५ ची आवृत्ती. त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे तासाला १४० किलोमीटर धरलाय. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. बाकीचे गुणक तूर्त बाजूला ठेवले तर चौरस मीटरला साधारण ९३ किलो येतात. तुमच्या केबिनची लांब बाजू जवळपास २४ चौरस मीटरची, म्हणजे सव्वादोन टनांचा आडवा रेटा. छप्पर २८ चौरस मीटरचं. सपाट छपराला वारा वर ओढतो. ही ओढ दाबाच्या ०.८ पट धरली तरी दोन टन होते. आता दार उखडलं किंवा खिडकी फुटली आणि वारा आत शिरला, तर छप्पर आतूनही वर ढकललं जातं आणि दोन्ही मिळून तीन टनांच्या पुढे जातात. तुमच्या केबिनचं अख्खं वजन तेवढंच आहे. ते सुट्या ब्लॉकवर नुसतं टेकलेलं असेल, तर तिला धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

त्यात तुमची जागा माथ्यावर. उतार तीन अंशांपेक्षा जास्त असेल तर वेगाला वाढीव गुणक लावावा लागतो, तो १.३६ पर्यंत जातो. दाब वर्गाने वाढतो, म्हणजे १.८५ पट. म्हणून पहिला सल्ला पैसे न लागणारा आहे: माथा सोडा, प्लॉटच्या खालच्या अंगाला जागा बघा. देखावा थोडा कमी दिसेल, पण दोन माणसांच्या झोपेपुढे त्याचं काही नाही.

दुसरं, पाया. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा अर्ध्या टनाहून थोडा जास्त भरतो. असे आठ घेतले की चार टनांच्या वर वजन जमिनीत गाडलं जातं. प्रत्येकात जे-बोल्ट (खालून वाकवलेला, काँक्रीटमध्ये रोवायचा बोल्ट) आणि वर बेस प्लेट, आणि केबिनची खालची चॅनेल फ्रेम त्या प्लेटला दुहेरी नटांनी आवळायची. मुरूम लागला तर उत्तम. काळी माती असेल तर ती फुगते-आकसते, तिच्या खाली जाऊन पक्की जमीन गाठा. माथा सोडता येत नसेल तर हे ठोकळे पुरणार नाहीत, मग स्थानिक इंजिनिअरकडून वेगळा हिशोब करून घ्या.

पण नुसता पाया बांधून भागत नाही. वारा छपराला ओढतो, पत्रा पर्लिनला (त्याच्या खालच्या आडव्या पट्टीला), पर्लिन खांबाला, खांब खालच्या फ्रेमला आणि फ्रेम पायाला. या साखळीत एक जोड कच्चा असला की तिथूनच सुटतं. मी पाहिलेल्या बऱ्याच केबिनमध्ये खांबाच्या बुडाशी फक्त टॅक (वेल्डचे तुटक ठिपके) मारलेले असतात आणि वरून पॅनेल लागलं की ते दिसत नाहीत. म्हणून पॅनेल चढवण्याआधी सांगाडा बघायला स्वतः कारखान्यात जा. चारी कोपऱ्यांचं वेल्डिंग सलग आहे का ते बघा, फोटो काढून ठेवा. छपराचा पत्रा रिव्हेटवर असेल तर मान्य करू नका, रबर वॉशरचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मागा आणि कडेच्या ओळीत ते जवळजवळ लावून घ्या. ओढ सगळ्यात जास्त छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना असते.

शेडबद्दल वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. अमेरिकेत कारखान्यात बनवून ट्रेलरवरून नेलेली घरं ही लाखो लोकांची कायमची घरं आहेत. १५ जून १९७६ पासून त्यांना देशभर एकच नियमावली लागू झाली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात अशी घरं मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त केली, म्हणून १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक झाले. २००४ च्या चार्ली वादळात या नव्या नियमांची घरं बरीच चांगली टिकली. नुकसान झालं त्यात मागाहून जोडलेले कारपोर्ट आणि व्हरांडे होते. ते उचकटले आणि जाताना घराचा पत्राही फाडून गेले. तुमची शेड स्वतंत्र खांबांवर, स्वतंत्र पायावर उभी राहू दे, केबिनला तिचा एकही वेल्ड नको.

आता मला वाऱ्याहून जास्त काळजी वाटते ती नकाशाची. दार एक, तेही शेगडीपाशी, आणि झोपायच्या खोलीला वेल्ड केलेली ग्रिल. रात्री स्वयंपाकाच्या बाजूला पेट घेतला तर आई-बाबांना बाहेर पडायला वाटच नाही. १९७६ च्या त्या नियमावलीत दोन बाहेरची दारं लागतात, तीही एकमेकांपासून लांब, शिवाय झोपायच्या प्रत्येक खोलीतून थेट बाहेर निघता येईल अशी सोय आणि धुराचा अलार्म. तुम्ही झोपायच्या खोलीला बाहेर उघडणारं दार मागा. पायरी, कठडा आणि हाताला धरायला दांडी, सगळं बाबांच्या गुडघ्याच्या हिशोबाने. खिडकीची ग्रिल बिजागरीवर घ्या, आतून कडी, कुलूप नाही. अंधारात, धुरात किल्ली सापडत नाही.

कर्वेनगरची_लेक

मनापासून आभार, दादा आणि सर. आईला वाचून दाखवलं, तिने दुसऱ्या दाराचं लगेच मनावर घेतलं. बसवणाऱ्यांशी बोलले. दार द्यायला तयार आहेत. पफऐवजी रॉकवूल घेतलं तर खर्च बराच वाढतो आणि ‘पफ फायर-रिटार्डंट आहे, पेटत नाही’ असं म्हणतात. शक्य तिथे पैसे वाचवायचेत, पण या बाबतीत नाही. काय करू?

पत्रा_आणि_पोलाद

फायर-रिटार्डंट म्हणजे पेट घ्यायला वेळ लागतो, एवढंच. मोठ्या आगीत पफ जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. बंद खोलीत माणूस ज्वाळांआधी धुराने जातो. थर्माकोलचं पॅनेल असेल तर अजिबात नको, ते १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. रॉकवूल दगडापासून बनतं, जळत नाही. वजन वाढेल, पण तुमच्या बाबतीत ते चांगलंच आहे.

सगळीकडे परवडत नसेल तर स्वयंपाकाचा भाग आणि झोपायच्या खोलीमधली भिंत तरी रॉकवूलची करा, आणि आतलं पीव्हीसी पूर्ण काढून टाका, छताचं आधी. त्याऐवजी जिप्सम बोर्ड. त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी त्यात बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन निघेपर्यंत मागचा भाग फारसा तापत नाही, आणि तेवढा वेळ बाहेर पडायला मिळतो. मुळशीच्या पावसाळ्यात ओल येईल तिथे, मोरीजवळ आणि जमिनीलगत, फायबर सिमेंट बोर्ड लावा. शेगडीच्या वर लाकडी कपाट नको.

वायरमन_पिरंगुट

मी अशा केबिनची वायरिंग करतो. तयार केबिनमधली वायर बहुतेक वेळा एका पंख्या-दिव्याच्या हिशोबाने असते, मग लोक त्यावर गिझर, इंडक्शन, एसी लावतात. गिझर आणि एसीला स्वतंत्र चार एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी, आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) घ्याच. पत्र्याच्या कडेवरून वायर जाते तिथे ग्रोमेट किंवा पाईप पाहिजे, नाहीतर प्रवासात ट्रेलर हादरून इन्सुलेशन कापलं जातं. केबिन जागेवर बसली की सगळी वायरिंग मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासून मगच लाईन चालू करा. सगळा सांगाडा लोखंडी आहे, त्याला स्वतःचा अर्थिंगचा खड्डा हवा, एक नाही, दोन.

सिलिंडर बाहेर, जाळीच्या पेटीत ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून ओट्याखाली जमिनीलगत झरोका ठेवा. गळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा, १०१ शेजारी. बंब पौडच्या पुढे यायला वेळ लागतो, तेव्हा दोन्ही दारांपाशी आग विझवायचा एकेक एबीसी पावडरचा सिलिंडर टांगा, आईंना उचलेल एवढ्याच वजनाचा.

कर्वेनगरची_लेक

एक शेवटचं विचारते. एवढं सगळं करून वादळाच्या रात्री त्यांनी केबिनमध्येच थांबायचं का?

पत्रा_आणि_पोलाद

चक्रीवादळाचा इशारा आधी मिळतो, तेव्हा आदल्या दिवशीच त्यांना कर्वेनगरला आणा. वळीव मात्र सांगून येत नाही. त्यासाठी संडास-बाथरूम केबिनच्या आत न घेता झोपायच्या खोलीच्या नव्या दारालगत पक्कं बांधा: विटांची भिंत, कोपऱ्यांत आरसीसी खांब, वर आरसीसी स्लॅब, दोघांना खुर्च्या टाकून बसता येईल एवढं मोठं. अमेरिकेतही चक्रीवात (टोर्नेडो) आला की जमिनीला बांधून ठेवलेल्या अशा तयार घरातूनसुद्धा बाहेर पडून पक्क्या निवाऱ्यात जायला सांगतात. दारापासून तिथपर्यंत कठडा आणि बॅटरीवरचा दिवा द्या.

आणि क्रम चुकवू नका. आधी कारखान्याकडून बेस फ्रेमचं ड्रॉईंग घ्या, बोल्टच्या जागा त्यावरून पक्क्या करा, मग खड्डे. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारल्यावरच ट्रेलर बोलवा. पुढे दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास, वळीव सुरू व्हायच्या आत, नट आवळून घ्या आणि बुडाशी गंज धरलाय का ते बघा. ड्रॉईंग हाती आलं की इथे टाका, मी बघतो.