शब्दचर्चा: 'पेगन'ला मराठीत काय म्हणावं?

मार्गो अ‍ॅडलर यांचं 'ड्रॉइंग डाउन द मून' बऱ्याच वर्षांनी पुन्हा हातात घेतलं, या वेळी मराठीत उतरवण्यासाठी. आधुनिक पेगन लोकांची, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातले देव किंवा निसर्गाची उपासना आज नव्याने आपलीशी करणाऱ्यांची, ओळख करून देणारं हे जुनं आणि भरवशाचं पुस्तक ३१ ऑक्टोबर १९७९ रोजी, म्हणजे त्या लोकांच्या साविन सणाच्याच दिवशी, प्रसिद्ध झालं. अ‍ॅडलरबाई रेडिओच्या बातमीदार, आणि स्वतःही पेगन. पहिल्या वाचनात मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'पेगन = मूर्तिपूजक'. बहुतेक कोशांतही असंच काहीतरी सापडतं. आता ती नोंद मला पटत नाही.

मूळ लॅटिन शब्द 'पागुस', म्हणजे गावखेड्यांचा मुलूख. त्यावरून 'पागानुस', खेडूत. रोमन शिपायांच्या बोलीत याच शब्दाचा अर्थ 'फौजेत नसलेला' असाही होता. ख्रिस्ती लोक स्वतःला ख्रिस्ताचे शिपाई म्हणवत, म्हणून बाकीचे पागानुस, असंही काही अभ्यासक मानतात. चौथ्या शतकापासून जुने देव न सोडणाऱ्यांसाठी तो सर्रास वापरात आला. यातला तुच्छतेचा सूर आपल्याला परका नाही. 'ग्राम्य' म्हणजे नुसतं गावचं, पण काव्यशास्त्रात तो दोष ठरला. आणि 'गावंढळ' तर रोजच्या बोलण्यातलाच.

मूर्तीचा यात कुठे संबंधच नाही. पुस्तकातलं एक उदाहरण मला फार आवडतं. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात विद्यार्थ्यांना धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती होती. तिच्या निषेधार्थ १९६३ साली काही मुलांनी ड्रुइडांचा (ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक लोकांचे पुरोहित) पंथ काढला. सक्ती उठली, तरी पंथ टिकला, कारण उघड्यावर, झाडांमध्ये उभं राहून केलेल्या प्रार्थनेत काही जणांना खरंच काही गवसलं होतं. निसर्गातून सत्याकडे जाता येतं, एवढंच त्यांचं मूळ म्हणणं. यांना मूर्तिपूजक कसं म्हणणार? 'निसर्गपूजक' जवळचा वाटतो, पण ग्रीक किंवा इजिप्शियन देवदेवतांना भजणारेही याच पुस्तकात आहेत. ते त्यात मावत नाहीत. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद, पणजीहून:
ताई, मूर्तिपूजक नकोच, पण माझं कारण वेगळं आहे. आपल्याकडे हिंदू माणूस 'आम्ही मूर्तिपूजक' असं सहज सांगतो. त्यात शिवी नाही. मग एके काळी हिणवण्यासाठी वापरलेला शब्द या लोकांनी मुद्दाम उचलून स्वतःला लावला, ही सगळी गोष्टच मराठी वाचकाच्या हातून निसटते. गोव्यात पोर्तुगीज हिंदूंना 'जेंतीउ' म्हणत. मराठी बायबलात यहुदी नसलेल्यांसाठी 'परराष्ट्रीय' येतं. हे सगळे बाहेरून चिकटवलेले शब्द. या माणसांनी 'पेगन' स्वतः निवडलाय, तर तोच ठेवावा.

प्रतिसाद, शहाद्याहून:
पुस्तकाच्या उपशीर्षकात 'विचेस' आहेत. त्यांचं काय करणार? कृपा करून 'चेटकीण' किंवा 'डाकीण' लिहू नका. आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशाच छळासाठीही. इथे हा शब्द कुणी हौसेने स्वतःला लावून घेत नाही. इंग्लंडमधला जुना विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर उघडपणे विचेसच्या आधुनिक पंथावर, म्हणजे विक्कावर, पुस्तक लिहू शकले. तिकडे तो शब्द सोडवून घ्यायला मोकळीक मिळाली. आपल्याकडे ती अजून नाही. 'विच' किंवा 'विक्का' तसेच ठेवा. (जुन्या इंग्रजीत 'विक्का'चा उच्चार 'विच्चा' होता, तेवढी टीप द्या.)

मूळ प्रश्नकर्ती:
दोन्ही मुद्दे पूर्ण पटले, आणि डाकिणीचा मुद्दा मला आधीच सुचायला हवा होता. आणखी एक जागा अडते आहे. अ‍ॅडलर लिहितात की यातले बहुतेक लोक 'आम्ही धर्म बदलला' असं म्हणत नाहीत, आपल्या मनात आधीच जे होतं त्याला नाव मिळालं, घरी आल्यासारखं वाटलं, असं सांगतात. इथे 'घरवापसी' लिहिलं तर अनर्थ होईल. त्या शब्दामागे आपल्याकडे वेगळंच राजकारण आहे. साधं 'घरी आल्यासारखं' हेच ठेवते.

शिवाय इंग्रजीत हल्ली आधुनिक पंथीयांसाठी पहिलं अक्षर मोठं काढतात, पुरातन काळातल्या लोकांसाठी लहान. देवनागरीत ती सोय नाही. म्हणून जुन्यांना 'ख्रिस्तपूर्व धर्मांचे लोक' असं लांबलचक लिहीन आणि 'पेगन' फक्त आजच्यांसाठी राखून ठेवीन.

प्रतिसाद, पणजीहून:
आणि 'पेगनिझम'? 'पेगन पंथ'?

मूळ प्रश्नकर्ती:
एकेका गटाला पंथ म्हणेन, पण सगळ्यांना मिळून नाही. पंथ म्हटला की एक गुरू, एक दीक्षा डोळ्यांसमोर येते आणि इथे तर नाना गट आहेत. 'परंपरा'ही नको. विक्का अश्मयुगापासून अखंड चालत आल्याचा दावा अ‍ॅडलर स्वतःच तपासतात आणि तो टिकत नाही हे मोकळेपणाने मांडतात. सध्या 'पेगन मार्ग' लिहिते आहे, भक्तिमार्गातला मार्ग. दोन प्रकरणं त्यानेच उतरवून पाहिली, कुठे अडलं नाही.