वही उलटी का लिहिलीयेस? (हिब्रू, उल्पान आणि तिकडचं बिऱ्हाड : तुमचेही अनुभव लिहा)

कढीपत्ता
परवा माळा आवरताना एक जुनी दोनशेपानी वही सापडली. सासूबाईंनी दोन पानं चाळली आणि म्हणाल्या, "अगं, ही शेवटून का लिहिलीयेस?" शेवटून नाही हो, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, तिची सुरुवातच तिकडून आहे. माझी उल्पानची वही! (उल्पान म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीचा हिब्रूचा वर्ग.)

2011, इस्राएलमधलं बेर शेवा. नवऱ्याची पोस्टडॉक, मी घरी बसून भिंती मोजत होते, म्हणून वर्ग लावला. पहिल्याच दिवशी गेटवरचा गार्ड पर्स तपासता तपासता मला विचारतो, "मी अत्?" मी म्हटलं हो हो, आत! आणि गेले की आत. मागून हा ओरडतोय. वर्गात कळलं, हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण' आणि 'अत्' म्हणजे 'तू', तेही बाईला. पुरुषाला विचारायचं तर "मी आता?" आणि खरा मी म्हणजे 'आनी'. पूर्ण वही 'आनी, आनी'ने भरलीय. शाळेत बाईंनी 'आणि'ने वाक्य सुरू करायचं नाही म्हणून पट्टी मारली होती, त्याचा इथे बदला.

पण वही बघून आठवली ती बसस्टॉपवरची आजी. शुक्रवारी दुपारी तासभर बसची वाट बघत उभी होते. शेजारच्या बाकावरून आवाज, "ए पोरी, आता बस न्हाय यायची. शब्बाथ लागतो." (शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो.) मराठी! मी तिथेच रडायला लागले. ती 1960च्या दशकात अलिबागकडून आलेली, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. हाताला धरून घरी नेलं. चहा दिला तो कोरा. मला वाटलं दूध संपलं असेल, म्हणून पुढच्या खेपेला शहाणपणाने दुधाची पिशवी घेऊन गेले. आजी हसून हसून खोकायला लागल्या. "दुपारी कोंबडी खाल्ली ना गं, मग दूध कसं चालंल?" (ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही.) मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध का, तेही त्या दिवशी कळलं.

तुमचंही लिहा. कुठल्याही गावचं.

उंटावरचा_शहाणा
चष्मा = मिश्काफायिम. पँट = मिख्नासायिम. चष्म्याच्या दुकानात जाऊन "माझी पँट तुटलीय, आजच्या आज नवीन पाहिजे" असं मी अस्खलित हिब्रूत सांगितलंय. यापेक्षा जास्त काही लिहिणार नाही.

पोळी_भाजी_डबा
😂😂 शहाणे, चष्म्याशिवाय गेला होतात ना, पँटशिवाय नाही, नशीब समजा

नेगेवची_धूळ
आमच्या मोरा (म्हणजे बाई) एका सोलापूरच्या मुलाला म्हणाल्या, "शेव!" तो ताट शोधायला लागला. शेव म्हणजे बस खाली. मुलीला "श्वी".

आकडे कोणाला जमले का? स्त्रीलिंगी शालोश, पुल्लिंगी श्लोशा. 'आ' लागला की पुरुष, सगळंच उफराटं. उल्पानमध्ये घोकून घ्यायचे "असारा शेकेल" (दहा शेकेल; शेकेल म्हणजे तिथलं चलन, पुल्लिंगी), बाजारात तसं म्हटलं की टोमॅटोवाला हसतो. तिथे सगळे बिनदिक्कत "एसेर शेकेल". बाई म्हणतात चूक, टोमॅटोवाला म्हणतो तूच चूक. मी बोटं दाखवायचो.

ठाण्याची_लेक
कढीपत्ता, आजीचं वाचून गळा दाटून आला. मी त्याच समाजातली, माहेर ठाणं, आता अश्दोद. आमच्या आजीला रोश हशाना (ज्यूंचं नवं वर्ष), योम किप्पूर (उपासाचा, प्रायश्चित्ताचा दिवस) म्हटलेलं कळायचं पण ती म्हणायची 'नव्याचा सण' आणि 'दार फळणीचा सण'. पुरीम म्हणजे 'होळीचा सण'. तिशा बेआवला (मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास) बिरडं, म्हणून 'बिरड्याचा सण'. इथे शाळेत माझ्या मुलीने हे सांगितलं तर बाईंना वाटलं हिने मनाचं रचलं.

नव्या वर्षाला चिकाचा हलवा अजून करते. गहू भिजत घालून चीक काढायचा, नारळाचं दूध, आणि दोन तास ढवळत उभं राहायचं. खांदा जातो. शेजारीण मोरोक्कोची, ती म्हणते सगळं विकत मिळतं, कशाला मरतेस.

आमचे आजोबा 1964 मध्ये जेरुसलेमला धरणं धरून बसले होते. आमच्या लोकांची लग्नं लावताना इथले धर्मगुरू पिढ्यांची चौकशी करायचे, तुम्ही पुरेसे ज्यू आहात का म्हणून. कोकणात तेलाचे घाणे चालवताना शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं 'शनवार तेली'. त्या गावाला कधी शंका आली नाही, आणि इथे येऊन पुरावे. असो. दूध उतू जातंय, पळते.

कढीपत्ता
पळू नका, परत या!! मलिद्याबद्दल (गोड पोह्यांचा नैवेद्य) लिहा

हैफाकर
पिशवीतल्या दुधावरून आठवलं, मला इस्राएलमध्ये पहिला आपलेपणा त्या पिशवीनेच दिला. युरोपात तीन वर्षं खोकी बघितली होती. इथे पिशवी, जगमध्ये उभी करून कोपरा कापायचा. डोळे पाणावले हो.

दह्याच्या नादात मात्र तीन आठवडे शमेनेत आणत होतो. ते आंबट क्रीम निघालं. वजन चार किलो वाढलं.

सोलकढी
लेबेन (तिथलं ताकासारखं पातळ दही) आणायचं. त्याची कढी फर्स्टक्लास होते

हैफाकर
लेबेन फाटत नाही का उकळताना?

सोलकढी
बेसन आधी लावा, मंद आच, सारखं ढवळा. जास्त फोनवर टाइप होत नाही, बस आली.

अबोली_अबोली
माझे वडील सांगलीहून आले होते दोन महिने. नातवंडं त्यांना आबा म्हणतात. बागेत नेलं की चारही बाजूंनी "आबा! आबा!" हिब्रूत बाबांना आबाच म्हणतात. पपा दर वेळी वळून बघायचे. दोन आठवड्यांनी तर उत्तरं द्यायला लागले. परत गेल्यावर म्हणाले, इथे कुणी हाक मारत नाही गं.

पोळी_भाजी_डबा
अबोली 🥺

गणिताचा_मास्तर
मला जड गेलं ते 'तू'. हिब्रूत अहो-जाहो नाहीच. सत्तरीचे प्राध्यापक, त्यांना नावाने हाक मारायची आणि 'आता' म्हणायचं. मी सहा महिने वाक्यं अशी फिरवायचो की कर्ताच येऊ नये. "पेपर वाचून झाला का?" ते वैतागून म्हणाले, कुणाचा? कुणी? आणि ते लोक मला तोंडावर "हे प्रकरण वाईट लिहिलंयस" म्हणून लगेच जेवायला चल म्हणायचे. पहिल्यांदा मी जेवलोच नाही.

बाकी ज्या माणसाने ही बोली घरात आणली तो बेन येहुदा, 1881 मध्ये जेरुसलेमला आला आणि पोराशी फक्त हिब्रूच बोलायचं ठरवलं. शब्दकोशाला 'मिलोन' हा शब्द त्यानेच पाडला, आइस्क्रीमला 'ग्लिदा'. मला सारखे आपले महापौर आठवायचे.

उंटावरचा_शहाणा
मास्तर, इथे सावरकर-भाषाशुद्धी सुरू केलीत तर धागा दोनशेवर जाईल. हात जोडतो.

गणिताचा_मास्तर
शब्द फक्त महापौर म्हटला! बरं, गप्प.

रातराणी_७
मी केअरगिव्हर आहे, रामत गानला. उल्पान वगैरे नाही, माझी हिब्रू माझ्या सावतांकडून (म्हणजे आजी, त्या 91 वर्षांच्या). त्यांचा आवडता शब्द सावलानूत. धीर धर. पाची बोटं टोकाला जुळवून वर धरतात आणि रेगा, रेगा (थांब जरा). मी आता फोनवर आईलाही तसा हात दाखवते, तिला दिसत नाही तरी.

वर्षातून एकदा होलोकॉस्टच्या आठवणीचा भोंगा होतो, दोन मिनिटं. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं. सावता व्हीलचेअरवर, मी त्यांना रस्ता ओलांडून देत होते. भोंगा झाला, गाड्या मधेच थांबल्या, लोक उतरून उभे राहिले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि खुर्चीतून उठायला लागल्या. एरवी दोघी लागतात त्यांना उठवायला. त्या कुठून आल्या, घरच्या कोणाकोणाचं काय झालं ते मी विचारलं नाही अजून. औषधाची वेळ झाली, जाते.

कढीपत्ता
रातराणी, सवडीने लिही गं. वाट बघतेय.

नेगेवची_धूळ
योम किप्पूरला हायवेवर सायकल चालवलीय का कोणी? एक गाडी नाही, पोरांची नुसती झुंबड. मी तिशीत तिथे सायकल शिकलो, तीन पदरी रस्त्यावर, तरी दुभाजकाला धडकलो.

हैफाकर
पेसाहला (ज्यूंचा सण, त्यात पाव-बिस्किटं वर्ज्य) सुपरमार्केटमध्ये पाव-बिस्किटांचे रॅक प्लास्टिकने झाकतात. पहिल्या वर्षी वाटलं रंगकाम चालू आहे. पलीकडून हात घालून बिस्किटं काढली, काउंटरवर मशीनच घेईना.

पोळी_भाजी_डबा
अवांतर : साबिखमध्ये (वांगं-अंडं भरलेला पाव) जी पिवळी चटणी घालतात ती 'अंबा', आपला आंबाच ना? पुण्यात मिळते का कुठे?

ठाण्याची_लेक
आपलाच. मुंबईशी व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंनी इराकला नेला, तिथून इथे आला. कैरी, हळद, मेथी. घरी कर, कशाला शोधतेस. (दूध गेलं उतू. मलिद्याचे पोहे भिजवलेत, रात्री लिहिते.)

कढीपत्ता
सासूबाईंनी वहीची कोरी बाजू ताब्यात घेतलीय, दुधाचा हिशेब लिहायला. लेक, पोहे जाडे की पातळ?