मदत हवी आहे : बोकडांच्या खुराकात तेल सुरू केलं, आता वजन थांबलंय आणि कुट्टी गव्हाणीत तशीच पडतीय

शेरडंवाला_आटपाडी :

नमस्कार मंडळी. गाव आटपाडी तालुक्यात, तीन वर्षं झाली अर्धबंदिस्त शेळीपालन करतोय. उस्मानाबादी शेरडं आहेत, दोन-तीन बोअर क्रॉस. प्रश्न बोकडांचा आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट लिहिलं की पहिल्या पाच उत्तरांत "खुराक काय देता" एवढंच विचारलं जातं.

१४ बोकडं, सगळी साधारण पाच महिन्यांची. खुराक रोज प्रत्येकी २५० ग्रॅम : मका भरडा १५०, गव्हाचा भुसा (कोंडा) ५०, शेंगपेंड ५०. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी खातील तेवढी. संध्याकाळी दोन तास बांधावर फिरवून आणतो, पण आता उन्हामुळं बांधावर धुरळ्याशिवाय काही नाही. मिनरल मिक्श्चर चालू आहे. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस झालीय.

बकरी ईदेला अडीच महिने राहिलेत. बोकडं लवकर भरावीत म्हणून एका व्हिडिओत बघून तेल सुरू केलं. सरकीचं रिफाईंड तेल, रोज प्रत्येकी ४० मिली. सुरुवातीला भरड्यात कालवून द्यायचो. बारा दिवस खाल्लं, मग भरडाच टाकायला लागली, म्हणून शेवटचे सहा दिवस सलाईनच्या रिकाम्या बाटलीनं पाजलं. एकूण १८ दिवस.

टांगायच्या काट्यावर तेल चालू करायच्या आदल्या दिवशी वजनं केली होती, सरासरी १५.८ किलो. परवा केली, १६.१. म्हणजे १८ दिवसांत ३०० ग्रॅम. त्याआधी आमची बोकडं दिवसाला ५५-६० ग्रॅमनं वाढायची. लेंड्या सुट्ट्या पडत नाहीत, एकमेकींना चिकटून गोळा पडतो, वर तेलकट चकाकी. रवंथ कमी झालाय असं बायको म्हणते, आणि तिचं निरीक्षण माझ्यापेक्षा चांगलं आहे. कुट्टी निम्मी गव्हाणीतच राहते. अंगावर चमक मात्र आलीय, ते नाकारत नाही.

आता गंमत सांगतो. १४ पैकी दोन बोकडांनी तेलाचा भरडा पहिल्या दिवसापासून हुंगला नाही. पाजायला गेलं तर सगळं माझ्या अंगावर. कंटाळून त्यांना सोडून दिलं, साधा खुराक देत राहिलो. ती दोन सरासरी १.१ किलोनं वाढलीत.

प्रश्न असे. तेल बंद करू की कमी करू? पेंडीचा दुकानदार म्हणतो बायपास फॅट घ्या, ते बोकडांना चालतं का? आणि मेहुण्याचं वडापावचं दुकान आहे, तो तळलेलं तेल फुकट देतोय, ते चालेल का? एक बोकड कालपासून खोकतंय, त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का?

खटावचा_गोठा :

पाव्हणं, चमक आली म्हणताय तर आरसा पण लावा गोठ्यात 😄

चेष्टा सोडा. आमच्याकडं पोटफुगीला गोडेतेल पाजतात ते ऐकून मी पण मागं हा उद्योग केला होता. आठ दिवसांत बंद केला. पण का बंद करावा लागला ते मला सांगता येणार नाही, नुसतं हागवण लागली एवढं आठवतंय. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_पशुवैद्य :

सर्वात आधी खोकणारं बोकड. बाटलीनं पाजताना तोंड वर धरलं की तेल श्वासनळीत उतरायला वेळ लागत नाही. पाणी किंवा औषध गेलं तर जनावर खोकून काही तरी बाहेर काढतं. तेल तसं निघत नाही, फुफ्फुसात बसून राहतं. ताप बघा. १०४ च्या वर असेल, नाकातून काही वाहत असेल, श्वास घेताना बरगड्या ओढल्या जात असतील तर आजच दवाखान्यात न्या. घरच्या घरी काही पाजू नका, विशेषतः काढे.

तेल आज बंद करा. खुराक बदलताना हळूहळू बदलावा हा नियम धान्य वाढवताना पाळायचा असतो, तेल थांबवायला तो लागत नाही.

आता कारण. शेळीच्या मोठ्या पोटात चारा पचवण्याचं काम जंतू करतात, शेळी नाही. कडब्यातला धागा तोडणारे जे जंतू आहेत त्यांना स्निग्धांश मानवत नाही, त्यातही पातळ तेल, जे साध्या तापमानाला गोठत नाही, ते जास्त बाधतं. शिवाय तेलाचा थर चाऱ्याच्या तुकड्यावर बसतो आणि जंतूंना धाग्याला चिकटताच येत नाही. धागा पचला नाही की पोट रिकामं होत नाही, पोट रिकामं झालं नाही की भूक लागत नाही. तुमची कुट्टी शिल्लक पडतीय ती अशी.

हिशेब करून बघा. १६ किलोचं बोकड दिवसाला कोरड्या वजनात साधारण ५६० ग्रॅम खातं. तुमच्या मका, पेंड, कडब्यातून मिळून १५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आधीच जातो, म्हणजे पावणेतीन टक्के. ४० मिली तेल म्हणजे ३७ ग्रॅम. दोन्ही मिळून नऊ टक्क्यांच्या वर गेलात. रवंथ करणाऱ्या जनावराला एकूण आहारात पाच-सहा टक्क्यांच्या पुढं स्निग्धांश जाऊ देत नाहीत. कुट्टी खाणं कमी झाल्यावर तर टक्का आणखी चढला असणार.

पोटफुगीचं म्हणाल तर तिथं तेल औषध आहे. फेस फोडायला एकदा द्यायचं आणि विसरायचं.

शेरडंवाला_आटपाडी :

डॉक्टरसाहेब, धन्यवाद. ताप १०४.६ निघाला. गाडी काढतोय, आल्यावर लिहितो.

दहिवडीची_ताई :

दादा, मला एक विचारायचंय, तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना. शेळीच्या दुधात साडेचार-पाच टक्के फॅट असतं, दूध आटवलं तर त्यातला चौथा हिस्सा किंवा जास्तच फॅट निघेल. करडं त्याच्यावरच वाढतात की. मग त्यांना का बाधत नाही?

निवृत्त_पशुवैद्य :

ताई, नेमकं विचारलंत. करडू चोखायला लागलं की अन्ननळीच्या टोकाला एक पन्हाळ मिटते आणि दूध मोठ्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्या, खऱ्या पोटात उतरतं. जंतूंची आणि त्या फॅटची गाठच पडत नाही. पाच महिन्यांच्या बोकडाला बाटलीनं तेल पाजलं तर ही पन्हाळ मिटेल असा भरवसा नाही. भरड्यातून दिलेलं तर मोठ्या पोटातच जाणार.

बायपास फॅटमागं हीच युक्ती आहे. पामतेलातल्या स्निग्धाम्लांना कॅल्शियमशी जोडून साबणासारखा क्षार करतात. मोठ्या पोटातलं वातावरण सौम्य असतं, तिथं तो विरघळत नाही. पुढं चौथ्या पोटात आम्ल लागलं की सुटतो आणि आतड्यात शोषला जातो. म्हणून जंतूंना त्रास कमी. पण तुम्ही जास्त खुराक देऊन मोठं पोट आंबट करून ठेवलं तर तो तिथंच सुटायला लागतो, मग साधं तेल आणि तो यात फार फरक उरत नाही.

बोकडांना देऊ शकता, १०-१५ ग्रॅमपर्यंत, सवय लावत. चवीला ते उग्र असतं, बरीच शेरडं नाक मुरडतात. मात्र देण्याचं कारण मला तुमच्या खुराकात दिसत नाही. जुळी पाजणारी, व्यायल्यावर खंगत चाललेली शेळी असेल तर मी स्वतः द्या म्हणेन.

तळलेल्या तेलाला हात लावू नका. पुन्हा पुन्हा तापलेलं तेल खवट होतं आणि अंगातलं ई जीवनसत्त्व खर्ची पाडतं. फुकट असलं तरी.

खटावचा_गोठा :

मग खुराकात चुकतंय काय? मका तर भरपूर आहे.

निवृत्त_पशुवैद्य :

मकाच भरपूर आहे, तेच. ताकद आहे, प्रथिनं नाहीत. त्यांचा खुराक मी मोजला : १५० ग्रॅम मक्यातून १३-१४ ग्रॅम, भुशातून सात-आठ, शेंगपेंडीतून २०, कडब्यातून फार तर १२. सगळं मिळून ५३ ग्रॅम, म्हणजे साडेनऊ टक्के. वाढत्या बोकडाला चौदाच्या आसपास हवीत. मांस प्रथिनांचं बनतं. नुसती ताकद ओतत राहिलात तर बोकड ती चरबी करून ठेवणार, आणि शेळीची जात अशी की ती चरबी मांसात न साठवता बुक्क्याभोवती (मूत्रपिंडाभोवती) आणि आतड्यावरच्या पडद्यात साठवते. वजनकाट्यावर दिसेल, खाटिक मात्र ती कापून बाजूला टाकेल.

माझं म्हणणं, प्रत्येकी किलोभर हिरवा मेथी घास किंवा दशरथ घास सुरू करा. सुबाभूळ असेल तर तोही, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. किलोभर घासातून कोरडा चारा २०० ग्रॅम धरला तरी ३५ ग्रॅम प्रथिनं वाढतात. कडबा आपोआप साधारण तेवढाच कमी खाल्ला जाईल, तो वजा केला तरी चौदाच्या पुढं जाता. घास नसेल तर शेंगपेंड ५० ची ८०-९० करा, मका तेवढा कमी करा.

दहिवडीची_ताई :

घास नवीन सुरू करताना सकाळी उपाशी पोटी टाकू नका हं दादा. आधी कुट्टी, मग सुकवलेला घास. मी शहाणपणा करून ओला टाकला होता आणि दोन पाटी (तरुण शेळ्या) फुगल्या. तेव्हा ते गोडेतेल कामाला आलं!

आणि लेंडी तपासून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात देता येते. जंत असतील तर वरून काहीही ओता, उपयोग नाही.

शेरडंवाला_आटपाडी :

आलो परत. डॉक्टरांनी तेच सांगितलं, पाजताना गेलंय. इंजेक्शनं सुरू केलीत, पाच दिवसांची. वेगळं बांधलंय.

तेलाचा खर्च काढला आत्ता. बारा बोकडं, रोज ४८० मिली, १८ दिवस : साडेआठ लिटरच्या वर. १५५ रुपयांनी १,३३९ रुपये. एका बोकडामागं रोज सव्वासहा रुपये पडले. तेलात मक्याच्या सव्वादोन-अडीचपट ताकद असते असं वाचलं होतं. तसं धरलं तर ३७ ग्रॅम तेल म्हणजे ९० ग्रॅम मका. आमच्याकडं मका २४ रुपये आहे. दोन रुपये वीस पैशांचा मका मी सव्वासहा रुपयांना विकत घेऊन वर कुट्टी बंद पाडली. हे आधी कागदावर मांडलं असतं तर व्हिडिओ बघायची गरज नव्हती.

मिरजेचा_बोकडवाला :

धागा वाचला. फॅटचं मला कळत नाही, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. भाऊ, तुमची बोकडं आज पाच महिन्यांची. ईदेला साडेसात महिन्यांची होतील. कुर्बानीला बकरा वर्ष पुरं झालेला लागतो. गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात बघतो, दोन दाती आहे का, मग पाय, शिंग, कान, डोळे. वजन त्याच्यानंतर. तुमची बोकडं तूप पाजून २५ किलोची केलीत तरी या ईदेला ती दुधाच्या दातांचीच राहणार. दावणीवरून गिऱ्हाईक पुढं जाईल आणि शेवटी तुम्ही ती मटणाच्या भावानं देऊन याल.

वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या ईदेसाठी ठेवलीत तर हीच बोकडं दोन दाती, उंचपुरी होतील.

शेरडंवाला_आटपाडी :

दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला होता.

हे मला माहीत असायला हवं होतं. गेल्या वर्षी विकलेली मोठी होती म्हणून दाताचा विषयच निघाला नाही. म्हणजे घाई कशासाठी होती तेच उरलं नाही. बायकोला सांगितलं तर ती हसून आत गेली.

सगळी ठेवणं परवडणार नाही. चारा विकतचा आहे. बोअर क्रॉस आणि अंगानं लांब असलेली सहा ठेवतो, बाकीची गावच्या यात्रेला मटणावर काढतो. ठेवलेली खच्ची करावीत का? कुर्बानीला खच्ची चालतं ना?

मिरजेचा_बोकडवाला :

चालतं. उलट वासही येत नाही आणि अंग भरतं. कान मात्र टोचू नका, बिल्ला लावायचा असेल तर नीट लावा, फाटलेल्या कानाला भाव पडतो.

निवृत्त_पशुवैद्य :

खच्ची करा, दवाखान्यात चिमट्यानं. पण खच्ची बोकड आणि भरपूर धान्य ही जोडी मुतखड्याची असते. भुसा आणि पेंड फॉस्फरसनं भरलेली, मूत्रमार्ग बारीक, खडा अडकला की जनावर कुंथत उभं राहतं आणि लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालं. घास दिलात तर त्यातून कॅल्शियम मिळेल, भुसा थोडा कमी करा, चाटायला मीठ ठेवा आणि पाणी दिवसभर समोर असू द्या. आणि पाट वेगळ्या बांधा, पाच महिन्यांचं बोकड गाभण घालायला पुरेसं असतं.

शेरडंवाला_आटपाडी :

बारा दिवसांनी लिहितोय. तेल बंद केल्यावर चौथ्या दिवशी लेंड्या सुट्ट्या झाल्या. सहाव्या दिवशी गव्हाण रिकामी. आजचं सरासरी वजन १६.९, घास सुरू होऊन आठच दिवस झालेत. पोटात चारा भरल्याचं वजनही त्यात असेल, म्हणून अजून काही म्हणत नाही. लेंडी तपासणीत गोल जंत निघाले, औषध दिलं. खोकणारं वाचलं, पण पळवलं की अजून धाप लागते. ते यात्रेलाही काढता येणार नाही, राहू दे.

तेलाचा उरलेला डबा स्वयंपाकघरात गेला. आता प्रश्न घासाचा : टेंभू उपसा योजनेचं पाणी येईपर्यंत विहिरीवर पाच गुंठेच भिजतंय. त्यात मेथी घास लावू की दशरथ? सहा बोकडं आणि अकरा शेळ्या आहेत.

दहिवडीची_ताई :

पाणी कमी असेल तर दशरथ. मेथी घास मागतो पाणी. बी भिजवून लावा, नुसतं फोकलं तर निम्मं उगवत नाही. गरम पाण्यात किती वेळ ठेवायचं ते उद्या विचारून लिहिते, आमच्या सासूबाईंना माहितीय.