शब्दचर्चा : चिनी वैद्यकातली ‘प्लीहा’ आणि ‘चांग-फू’

बोरू : चिनी वैद्यकावरच्या एका लेखाचं मराठी भाषांतर चालू आहे. त्यात ‘स्प्लीन डेफिशियन्सी’ वारंवार येतं. ‘प्लीहेचा अशक्तपणा’ चालेल का? शिवाय ‘झांग’ आणि ‘फू’ या अवयवांच्या दोन गटांना काय म्हणावं? ‘घन’ आणि ‘पोकळ’?

तळटीप : ‘प्लीहेचा अशक्तपणा’ नको. मराठी वाचकाला प्लीहा (पानथरी) माहीत असते ती हिवतापात वाढणारी म्हणून. चिनी ‘फी’चं (प्लीहेचं चिनी नाव) मुख्य काम पचनाचं आहे. अन्नातलं सत्त्व काढून वर फुप्फुसाकडे पाठवणं, शरीरात ओल साचू न देणं, रक्त वाहिन्यांमध्ये धरून ठेवणं, ही तिची कामं. ती दुबळी झाली की भूक मंदावते, जेवल्यावर पोट फुगतं, शौचाला पातळ होतं, हातपाय जड वाटतात. जीभ फिकी आणि कडांवर दातांचे ठसे. सोनोग्राफीत दिसणाऱ्या प्लीहेच्या आकाराशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

औषध पाहिलं तरी हेच दिसेल. यावरचा प्रमुख काढा चार द्रव्यांचा : जिनसेंग, पाइचू (एक औषधी कंद) आणि फूलिंग (पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी) प्रत्येकी ९ ग्रॅम आणि मधात परतलेलं ज्येष्ठमध ६ ग्रॅम, हे आजचं रूढ प्रमाण. सगळा रोख पचनावर.

इंग्रजीत काही लेखक अशा अवयवाचं पहिलं अक्षर मोठं लिहून भागवतात. देवनागरीत ती सोय नाही. म्हणून ‘फी’ तशीच ठेवा, किंवा सरळ ‘अग्निमांद्य’ लिहा.

कोठी : ‘फी’ ठीक, ‘अग्निमांद्य’ला माझा विरोध. त्या शब्दाबरोबर जाठराग्नीची आणि दोषांची अख्खी मांडणी येते, ती चिनी मजकुरात नाही. आणि आयुर्वेदाची प्लीहा तरी कुठे पचनाची? चरकात यकृत आणि प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मुळं आहेत. तीन परंपरांत एकाच मांसपिंडाकडे तीन कामं.

‘घन-पोकळ’ही वरवरचं आहे. ‘हुआंगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथाच्या ‘सूवन’ भागातल्या ११व्या अध्यायात भेद कामावरून केला आहे : पाच चांग (तुमचे ‘झांग’) सत्त्व साठवतात, बाहेर टाकत नाहीत, सहा फू पदार्थ पुढे ढकलतात, साठवत नाहीत. हृदय, यकृत, फी, फुप्फुस, मूत्रपिंड हे चांग. पित्ताशय, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, मूत्राशय आणि सान-च्याव (इंग्रजीत ‘ट्रिपल बर्नर’) हे फू. गंमत म्हणजे ‘फू’च्या मूळ चिन्हाचाही अर्थ वखार किंवा कचेरी असाच, तेव्हा व्युत्पत्तीवर विसंबू नका. ‘साठवणीचे’ आणि ‘वाहते’ अवयव असं लिहा.

बोरू : मग फूंना ‘आशय’ म्हटलं तर? आमाशय, पक्वाशय, मूत्राशय जुळतातच की.

कोठी : तिथेच घात होतो. आशय म्हणजे राहण्याचं, साठण्याचं ठिकाण. फूंची व्याख्याच उलटी होईल. सान-च्यावला तर तो मुळीच लागू नाही. ‘नानजिंग’ या ग्रंथात त्याला ‘नाव आहे, आकार नाही’ असं म्हटलंय. धडाचे वरचा, मधला, खालचा असे तीन टप्पे आणि त्यांतून जाणारा पाण्याचा मार्ग, एवढंच ते. ‘त्रिदाहक’ वगैरे नवे शब्द घडवू नका. वाचक जळजळ शोधत बसेल.

तळटीप : अग्निमांद्य मागे घेतो. लिप्यंतराबद्दल : ‘झांग’ हे रोमन स्पेलिंगवरून आलंय. उच्चार ‘चांगला’तल्या ‘चां’सारखा, दंततालव्य. तो आवाज मराठीत घरचाच आहे, झ कशाला? याच न्यायाने ‘पी’ नव्हे, ओठ मिटून महाप्राण ‘फी’. अडचण यकृताची : उच्चाराप्रमाणे लिहिलं तर ‘कान’ होतं!

कोठी : तिथे निमूटपणे ‘गान’ लिहा, शुद्धता गेली खड्ड्यात. पण ‘काळीज’ लिहू नका. मराठीत ते यकृतही आणि हृदयही. ‘गानची ची (चिनी वैद्यकातली प्राणशक्ती) अडकली’ म्हणजे बरगड्यांखाली ताण, उसासे, चिडचिड, पाळीआधी स्तन दुखणं. ‘यकृतविकार’ लिहिलंत तर वाचक कावीळ समजून एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करायला धावेल, आणि ती नॉर्मल येऊ शकते. ‘मूत्रपिंडाची कमतरता’ हीसुद्धा तशीच फसवी : त्यात कंबरदुखी, गुडघ्यांतला अशक्तपणा, कानात आवाज हे येतं, रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन नाही. पहिल्या उल्लेखाला ‘शन (चिनी अर्थाने मूत्रपिंड)’ आणि पुढे नुसतं ‘शन’.

बोरू : पाचही चांगांना हाच नियम लावतो. हृदयालाही?

तळटीप : हो, त्यालाही. ‘शिन’मध्ये मन आणि झोप येते. ‘हृदय अशक्त’ छापलंत तर निद्रानाशाचा रोगी ईसीजी काढून येईल.